रक्कम वजा होते, नोंदणी मात्र होत नाही: संकेतस्थळावरील अर्ज आणि पेमेंट गेटवे यांमधला तुटणारा दुवा

या अडचणीची तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. शिबिराचा, व्याख्यानमालेचा किंवा दिवाळी अंकाच्या वर्गणीचा अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर भरला जातो, पैसे स्वीकारणाऱ्या बाहेरच्या सेवेचे, म्हणजे पेमेंट गेटवेचे, पान उघडते, यूपीआयने किंवा कार्डाने पैसे भरले जातात, बँकेचा एसएमएसही येतो; परंतु संस्थेच्या पानावर परतल्यावर ‘आपली नोंदणी अपूर्ण आहे’ असे दिसते किंवा कोरा अर्जच पुन्हा समोर येतो. संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती स्वतः चाचणी घेते तेव्हा सारे सुरळीत चालते, म्हणून ‘नेटवर्कची अडचण असावी’ असे उत्तर दिले जाते आणि काही दिवसांनी दुसऱ्या अर्जदाराकडून तीच तक्रार पुन्हा येते.

नेटवर्क क्वचित कारणीभूत असते. अशा बहुतेक मांडण्यांमध्ये पैसे जमा झाल्याची बातमी संस्थेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवण्याचे काम अर्जदाराच्या ब्राउझरवर सोपवलेले असते, आणि ब्राउझर हा भरवशाचा निरोप्या नव्हे. तो वाटेत बंद होतो, कुकी (संकेतस्थळाने ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) पाठवत नाही, पुनर्निर्देशनात (दुसऱ्या पत्त्याकडे वळवले जाताना) मजकूर गाळतो, यूपीआय ॲपकडे गेला की परत येतोच असे नाही. म्हणून खालील प्रत्येक बिघाड दुरुस्त करावाच, पण मूळ मांडणी बदलल्याशिवाय ही तक्रार पूर्णपणे थांबणार नाही, हे गृहीत धरून पुढे वाचावे.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे?

कोड उघडण्यापूर्वी सर्व्हरचा प्रवेश-लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, उघडावा. तक्रार आलेल्या व्यवहाराची वेळ गेटवेच्या डॅशबोर्डवरून घ्यावी आणि त्या वेळेच्या आसपास परतीच्या पत्त्यावर (पैसे भरल्यावर गेटवे अर्जदाराला जिथे परत पाठवतो तिथे) कोणती विनंती आली, ती कोणत्या पद्धतीने आली आणि तिला कोणता स्थिती-क्रमांक मिळाला, एवढेच पाहावे. लॉगमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तासांचा फरक लक्षात ठेवावा. या फरकामुळे ‘विनंती आलीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष अनेकदा काढला जातो.

‘पोस्ट’ पद्धतीची (सोबत मजकूर आणणारी) विनंती येऊन तिला दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारा ३०१ किंवा ३०२ मिळाला आणि लगेच त्याच पानासाठी ‘गेट’ (केवळ पान मागणारी) विनंती आली, तर पुनर्निर्देशनात मजकूर गळाला आहे. ४०३ किंवा ४१९ दिसला, तर सुरक्षा-तपासणीने गेटवेची विनंती नाकारली आहे. संकेतस्थळे बांधण्याच्या लारावेल या चौकटीत ‘पान कालबाह्य झाले’ हा ४१९ आणि जँगो या चौकटीत सीएसआरएफ (बनावट विनंत्या रोखणाऱ्या) तपासणीचा ४०३ ही याची नेहमीची रूपे आहेत. २००, म्हणजे ‘विनंती यशस्वी’, मिळूनही नोंद अपूर्ण राहिली असेल, तर सेशन (सर्व्हरने तात्पुरती जपलेली अर्जदाराची माहिती) हरवले आहे किंवा स्वाक्षरीची (मजकूर खरा असल्याच्या सांकेतिक खुणेची) पडताळणी फसली आहे. आणि विनंतीच आली नसेल, तर अर्जदार परतलाच नाही, ज्याचा उपाय परतीच्या पानात शोधून सापडणार नाही.

अर्जदार गेटवेच्या पानापर्यंत पोहोचतच नसेल, तर प्रकरण वेगळे आणि तुलनेने सोपे आहे. ‘पैसे भरा’ हे बटण दाबल्यावर काहीच घडत नसेल तर ब्राउझरचा कन्सोल पाहावा. संकेतस्थळाच्या सुरक्षा-धोरणाच्या शीर्षकात अर्ज फक्त स्वतःच्याच डोमेनकडे पाठवण्याची मुभा दिलेली असेल, तर ब्राउझर बाहेरच्या सेवेकडे जाणारा अर्ज अडवतो आणि पानावर कोणतीही सूचना दाखवत नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीवरील ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगइन (जोडून घ्यायचा प्रोग्राम) अर्ज पान न बदलता पार्श्वभूमीत पाठवते, त्यामुळे सर्व्हरवर पुनर्निर्देशनाचा कोड लिहिला तरी अर्जदाराचे पान जागचे हलत नाही. अर्ज पोहोचल्याचा जो संकेत हे प्लगइन ब्राउझरमध्ये देते, त्याला जोडून पुढच्या पानावर न्यावे लागते. हेच प्लगइन आलेला अर्ज मूलतः डेटाबेसमध्ये साठवत नाही, फक्त ईमेल पाठवते. पैशांशी निगडित अर्जाची एकमेव प्रत ईमेलच्या भरवशावर ठेवणे मला तरी मान्य होण्यासारखे वाटत नाही.

चाचणीत न सापडणारे कारण: कुकी आणि दोन मिनिटे

‘कधी चालते, कधी चालत नाही’ या वर्णनामागे सर्वाधिक वेळा हे कारण असते, म्हणून ते सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

अनेक गेटवे व्यवहार संपल्यावर अर्जदाराच्या ब्राउझरला ‘पोस्ट’ पद्धतीने संस्थेच्या परतीच्या पत्त्यावर पाठवतात. पेयू या गेटवेचे यशाचे आणि अपयशाचे पत्ते याच प्रकारचे आहेत. ही विनंती दुसऱ्या संकेतस्थळावरून सुरू झालेली असल्याने ब्राउझरच्या दृष्टीने ती परकी असते. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, ज्या कुकीवर ‘सेमसाइट’ हा (परक्या विनंतीसोबत कुकी पाठवावी का, हे ठरवणारा) गुणधर्म लिहिलेला नाही, ती ‘लॅक्स’ समजली जाऊ लागली, आणि ‘लॅक्स’ कुकी परक्या ‘पोस्ट’ विनंतीसोबत पाठवली जात नाही. अर्जदाराची माहिती सेशनमध्ये ठेवून त्याला गेटवेकडे पाठवले असेल, तर परतताना सेशनची कुकी येत नाही, सर्व्हरला तो अनोळखी वाटतो आणि त्याचा अर्ज सापडत नाही.

असे असेल तर प्रत्येक वेळी बिघाड का होत नाही? जुनी संकेतस्थळे एकदम बंद पडू नयेत म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली: गुणधर्म न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटांहून अधिक काळ झाला नसेल, तर ती अशा ‘पोस्ट’ विनंतीसोबतही जाते. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची सेशन-कुकी मूळ सेटिंगमध्ये या गुणधर्माशिवाय तयार होते, म्हणून तिला ही सवलत मिळते. चाचणी घेणारा माणूस ठरलेली माहिती झटपट भरतो, चाचणी-कार्डाचा क्रमांक चिकटवतो आणि दोन मिनिटांच्या आत परततो. खरा अर्जदार मात्र पत्ता आठवतो, कार्ड शोधतो, ओटीपीची वाट पाहतो. कुकीचे वय पहिले पान उघडल्यापासून मोजले जाते, पैसे भरण्याचे बटण दाबल्यापासून नव्हे. त्यामुळे लांबलचक अर्ज भरणाऱ्याची दोन मिनिटे गेटवेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपलेली असतात. चाचणी घेताना अर्जाचे पान उघडून पाच मिनिटे थांबावे आणि मगच पैसे भरावेत. त्या वेळी बिघाड हटकून दिसला तर निदान झाले असे समजावे. लारावेल किंवा जँगो यांसारख्या चौकटी कुकीवर ‘लॅक्स’ असे स्पष्ट लिहितात आणि स्पष्ट लिहिलेल्या कुकीला ही सवलत नाही, म्हणून तिथे हा बिघाड पहिल्याच चाचणीत समोर येतो. एका अर्थाने ते बरेच आहे.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सेशन-कुकीला ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ हे गुणधर्म देणे. त्याने काम होते, परंतु एका परतीच्या पानासाठी सबंध संकेतस्थळाचे, बनावट विनंत्यांपासून होणारे संरक्षण कमी होते, म्हणून मी तो सुचवणार नाही. परतीच्या पत्त्यावर सेशनची गरजच उरू नये, हे अधिक योग्य. गेटवेने पाठवलेल्या मजकुरात आपण दिलेला संदर्भ-क्रमांक असतोच. त्यावरून डेटाबेसमधील अर्ज शोधावा, स्वाक्षरी पडताळावी, स्थिती नोंदवावी आणि ३०३ देऊन अर्जदाराला पावतीच्या पानावर ‘गेट’ पद्धतीने न्यावे. या दुसऱ्या विनंतीसोबत ‘लॅक्स’ कुकी जाते, त्यामुळे अर्जदार लॉग-इन केलेला असेल तर त्याची ओळखही परत मिळते.

येथे एक बारकावा हमखास निसटतो. परतीच्या पत्त्याच्या कोडमध्ये पीएचपीचे सेशन सुरू करू नये. कुकी न आल्यामुळे पीएचपी नवे सेशन तयार करते, नवी कुकी ब्राउझरला देते आणि ती जुन्या कुकीची जागा घेते. परिणामी अर्जदार लॉग-आउट होतो आणि जुने सेशन सर्व्हरवर शाबूत असूनही निरुपयोगी ठरते. तसेच सीएसआरएफ तपासणीतून फक्त हा एकच पत्ता वगळावा, संपूर्ण विभाग नव्हे. येथे त्या तपासणीचे काम गेटवेची स्वाक्षरी करते.

पुनर्निर्देशनात गळणारा मजकूर

परतीचा पत्ता गेटवेला ज्या रूपात दिला आहे, त्यात आणि संकेतस्थळाच्या अंतिम पत्त्यात अक्षराचाही फरक नसावा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे की नाही, एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, यांपैकी एकही गोष्ट वेगळी असली की सर्व्हर किंवा वर्डप्रेस ३०१ किंवा ३०२ देऊन योग्य पत्त्याकडे वळवते. हे दोन क्रमांक मिळाल्यावर ब्राउझर ‘पोस्ट’ विनंतीचे रूपांतर ‘गेट’मध्ये करतात आणि सोबतचा सारा मजकूर टाकून देतात. पद्धत व मजकूर कायम राखणारे क्रमांक ३०७ आणि ३०८ हे आहेत, पण त्यांच्या मागे लागण्यापेक्षा गेटवेमधील पत्ता दुरुस्त करणे सोपे. एसएसएल प्रमाणपत्र नव्याने बसवल्यानंतर किंवा डोमेन बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर सर्वप्रथम येथेच पाहावे.

पानांच्या तयार प्रती साठवून त्याच दाखवणारे कॅशिंग प्लगइनही या यादीत येते. परतीचे पान आणि अर्जाचे पान ही दोन्ही कॅशमधून वगळावीत. वर्डप्रेसचा नॉन्स (अर्ज आपल्याच पानावरून आल्याची मुदतीची खूण) मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २४ तास वैध असतो. अर्जाचे पान त्याहून जुन्या कॅशमधून दिले गेले तर अर्ज पाठवताच नाकारला जातो, आणि कॅश रिकामी केली की अडचण काही काळापुरती नाहीशी होते. हे वर्तुळ कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे चालू असते.

स्वाक्षरी जुळत नाही तेव्हा

पेयूसारख्या सेवेत किल्ली, व्यवहार-क्रमांक, रक्कम, वर्णन, नाव, ईमेल आणि त्यापुढील ऐच्छिक रकाने उभ्या रेघेने जोडून, शेवटी गुप्त सॉल्ट (गेटवेने दिलेला सांकेतिक शब्द) लावून त्याचा शा-५१२ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण, काढावा लागतो, आणि उत्तराची पडताळणी करताना हाच क्रम उलटा, स्थितीसह, घ्यावा लागतो. ऐच्छिक रकाने रिकामे असले तरी त्यांच्या रेघा सोडायच्या नसतात. हॅश काढताना वापरलेला मजकूर आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर तंतोतंत सारखा हवा. हॅश ‘५००’ वर काढून अर्जात ‘५००.००’ पाठवले तरी व्यवहार नाकारला जातो.

विशिष्ट अर्जदारांचेच व्यवहार अडत असतील तर त्यांची नावे पाहावीत. वसईपासून गोव्यापर्यंत डिसूझा, डिसिल्वा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत अपोस्ट्रॉफीसह लिहिली जातात. वर्डप्रेस बाहेरून आलेल्या मजकुरातील अपोस्ट्रॉफीपूर्वी उलटी तिरकी रेघ घालते, आणि अर्ज पुन्हा पानावर छापताना त्याच चिन्हाचे एचटीएमएल संकेतात रूपांतर होते. हॅश एका रूपावर निघतो, गेटवेकडे दुसरे रूप जाते. वर्डप्रेसमध्ये ही रेघ काढून टाकणारे फलन उपलब्ध आहे. मजकूर हाती येताच ते एकदा वापरावे आणि पुढे सर्वत्र तोच शुद्ध मजकूर घ्यावा. देवनागरी नावांत ‘ऱ’ हे अक्षर असाच घोटाळा करते. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कुऱ्हाडे’ यांतील ‘ऱ’ काही कळफलकांवरून एकाच युनिकोड चिन्हाने येतो, तर काहींवरून ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅशला दिसतो. वाटेत कोणत्याही थराने मजकुराचे प्रमाणीकरण केले की स्वाक्षरी बदलते. यावरचा निर्वेध मार्ग असा की, गेटवेकडे नावाच्या रकान्यात अपोस्ट्रॉफी वगळलेले साधे रोमन रूप आणि वर्णनाच्या रकान्यात केवळ संदर्भ-क्रमांक पाठवावा. अर्जदाराने लिहिलेले मूळ नाव आपल्या डेटाबेसमध्ये सुरक्षित असतेच.

रेझरपे या गेटवेमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० असा आकडा. प्लगइनमध्ये रुपयांचे हे रूपांतर कधी दोनदा होते, कधी एकदाही होत नाही. आणि पाच रुपयांत वार्षिक वर्गणी भरून झाल्याचे लक्षात येण्यासाठी कोणीतरी हिशेब पाहावा लागतो.

याच संदर्भात रक्कम अर्जाच्या लपवलेल्या रकान्यातून घेण्याची पद्धत सर्वथा सोडावी. ब्राउझरमध्ये असलेला कोणताही रकाना बदलता येतो. वर्गवारी अर्जातून घ्यावी, रक्कम सर्व्हरने स्वतः ठरवावी, आणि गेटवेकडून उत्तर आल्यावर ती नोंदवलेल्या रकमेशी पुन्हा ताडून पाहावी.

मूळ मांडणी बदलणे

आता मुख्य दुरुस्तीकडे येऊ. अर्जदार ‘पुढे जा’ दाबतो त्या क्षणी, गेटवेकडे जाण्यापूर्वीच, संपूर्ण अर्ज डेटाबेसमध्ये ‘रक्कम प्रलंबित’ या स्थितीसह लिहिला जावा आणि त्याला आपला स्वतःचा, पुन्हा न वापरला जाणारा संदर्भ-क्रमांक द्यावा. गेटवेकडे हाच क्रमांक जातो. पैसे जमा झाल्याची अधिकृत बातमी मात्र ब्राउझरकडून नव्हे, तर गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला थेट येणाऱ्या वेबहुकवरून घ्यावी. परतीचे पान अर्जदाराला दिलासा देण्यासाठी असावे, हिशेबासाठी नव्हे.

वेबहुक बसवूनही तो चालत नसल्याच्या तक्रारी वेगळ्या असतात. रेझरपेमध्ये वेबहुकचे गुपित आणि एपीआयची (प्रोग्रामद्वारे गेटवेशी बोलण्याच्या सोयीची) गुप्त किल्ली या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकाच्या जागी दुसरे वापरले की प्रत्येक स्वाक्षरी चुकीची ठरते. चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांचे वेबहुकही स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात, त्यामुळे चाचणीत उत्तम चाललेली यंत्रणा प्रत्यक्ष वापरात मुकी राहू शकते. स्वाक्षरी ही आलेल्या मूळ मजकुरावर, तो जसाच्या तसा घेऊन, तपासायची असते. जेसन (वेबहुकच्या मजकुराची सांकेतिक मांडणी) वाचून पुन्हा तयार केले, तर पीएचपी मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरांचे युनिकोड संकेत बनवते, तिरक्या रेघांपूर्वी उलटी तिरकी रेघ घालते आणि स्वाक्षरी जुळत नाही. शिवाय जेसन स्वरूपातील मजकूर पीएचपीच्या नेहमीच्या ‘पोस्ट’ चलात येतच नाही, तो इनपुट प्रवाहातून वाचावा लागतो. चल रिकामा पाहून वेबहुक कोरा येतो असे समजू नये. फायरवॉल किंवा क्लाउडफ्लेअरसारखी सेवा या विनंत्यांना यंत्रमानव समजून अडवत असेल, तर त्या पत्त्यापुरती सूट द्यावी.

वेबहुकला उत्तर त्वरित द्यावे. पावतीची पीडीएफ बनवणे, ईमेल आणि एसएमएस पाठवणे ही कामे आधी उरकून मग २०० द्यायचे असे केले, तर गेटवे वाट पाहणे सोडतो आणि तीच सूचना पुन्हा पाठवतो. एकच सूचना दोनदा येणे, आणि ती अर्जदार परतण्यापूर्वी येणे, या दोन्ही गोष्टी स्वाभाविक मानून कोड लिहावा: गेटवेच्या व्यवहार-क्रमांकावर डेटाबेसमध्ये अद्वितीयतेची अट ठेवावी आणि स्थिती ‘प्रलंबित’वरून ‘जमा’ होतानाच पावती पाठवावी. ‘एकाच नोंदणीच्या तीन पावत्या आल्या’ ही तक्रार यामुळेच मिटते.

वेबहुकही हरवू शकतो, म्हणून तिसरा आधार हवा. प्रलंबित अर्जांचा संदर्भ-क्रमांक देऊन गेटवेकडे ठरावीक अंतराने स्थिती विचारणारी छोटी आज्ञावली लावावी. प्रमुख गेटवे अशी विचारणा करण्याची सोय देतात. वर्डप्रेसचे स्वतःचे वेळापत्रक मात्र संकेतस्थळाला कोणी भेट दिली तरच हलते, त्यामुळे कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर रात्रीची विचारणा दुसऱ्या दिवशी दुपारी होते. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन, म्हणजे सर्व्हरचे स्वतःचे वेळापत्रक, लावणे श्रेयस्कर.

व्यवहाराची स्थिती तीन प्रकारची असते (यशस्वी, अयशस्वी, प्रलंबित), दोन नव्हे. यूपीआयमध्ये ‘पेंडिंग’ म्हणजे अपयश नव्हे. ते अपयश समजून अर्जदाराला पुन्हा पैसे भरायला लावले, की दोन्ही व्यवहार यशस्वी होऊन बसतात. पानावर ‘बँकेकडून खात्री व्हायची आहे, कृपया पुन्हा पैसे भरू नयेत’ असे संदर्भ-क्रमांकासह स्पष्ट लिहावे. खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे खात्री पोहोचली नाही, अशा यूपीआय व्यवहारांत रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवी आणि त्यानंतरच्या विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई आहे. मात्र हा नियम बँकिंग यंत्रणेत अडकलेल्या रकमेला लागू आहे. गेटवेकडे रक्कम पोहोचली आणि केवळ आपल्या संकेतस्थळाला कळले नाही, तर ती आपोआप परत येणार नाही. ‘पाच दिवस थांबा’ असे सांगून अर्जदाराला वाटेला लावणे अशा वेळी अन्यायाचे आहे.

काही संस्था गुगल फॉर्म आणि क्यूआर कोड यांवर काम भागवतात आणि अर्जदाराकडून बारा अंकी यूटीआर क्रमांक (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) लिहून घेतात. पन्नास-साठ नोंदण्यांपर्यंत हे चालते, परंतु तो क्रमांक अर्जदाराने हाताने लिहिलेला असतो आणि स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, म्हणून बँकेच्या विवरणपत्राशी एकेक ओळ ताडून पाहण्याची तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा. कार्डाचा क्रमांक आणि सीव्हीव्ही मात्र कोणत्याही कारणाने स्वतःच्या अर्जात मागू नयेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा तपशील साठवण्याची मुभा उरलेली नाही.

आधीच अडकलेले अर्ज

दुरुस्तीनंतर मागील अनुशेष निस्तरावा लागतो. गेटवेच्या डॅशबोर्डवरून त्या कालावधीतील यशस्वी व्यवहारांची यादी उतरवून घ्यावी आणि संदर्भ-क्रमांकावरून, तो नसेल तर ईमेल, मोबाइल क्रमांक, रक्कम आणि वेळ या चारही गोष्टी एकत्र ताडून, अर्जाशी जुळवावी. केवळ नाव आणि रक्कम जुळल्यावर नोंद पूर्ण करू नये, कारण एकाच घरातील दोघांचे अर्ज सहज अदलाबदल होतात. ज्यांचा अर्ज डेटाबेसमध्ये सापडतच नाही, त्यांना गेटवेतील ईमेलवर संपर्क साधून माहिती पुन्हा मागवावी, पैसे नव्हे. दुबार जमा झालेली रक्कम गेटवेमधील परताव्याच्या सोयीनेच परत करावी, म्हणजे ती ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आली तिथेच जाते आणि मूळ व्यवहाराशी तिची जोड कायम राहते. संस्थेच्या खात्यातून वेगळे हस्तांतरण केल्यास गेटवेच्या हिशेबात ती रक्कम जमाच दिसत राहते, आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षकापुढे ती समजावून सांगण्याची पाळी खजिनदारावर येते.